खलातलं मीठ

— तिथे नको गं टांगूस ते मोजे, माझ्या ताडपत्रीचं पाणी सगळं त्याच कोपऱ्यात उतरतं. हो, आत्ता ऊन आहे, मलाही दिसतंय, पण दिवस पावसाचे आहेत आणि तो काही विचारून येत नाही. तू इथलीच ना, फेचबुरीची? कुठली म्हणालीस — बान लाम? मिठागरातली! मग तर पावसाचं तुला सांगायलाच नको. इकडे सरक, अशी माझ्या बाजूला. लाजतेस काय, बाजारात बसायचं तर लाज घरी ठेवून यायचं. तुझ्याआधी या जागेवर एक म्हातारा बसायचा, रिमोट आणि घड्याळाचे सेल विकायचा, अख्खी संध्याकाळ हूं नाही की चूं नाही. तू पण बोलत नाहीस, पण निदान ऐकतेयस असं तोंड तरी करतेस. नाव काय? प्रांग. बरं. मी प्रयोंग, योंगमावशी म्हण, सगळे तेच म्हणतात. आणि एक काम कर माझं — तू पुलाकडे तोंड करून बसलीयस ना, तर राखाडी पिकअप येताना दिसली, काळ्या काचांची, एका बाजूला चेपलेली, तर मला सांग. काही नाही, असंच. मान वळवली की माझा खांदा ओढतो, म्हणून.

ही पातेली बघूनच दमलीस? मी करून दमते. हे हिरवं कालवण, हे आंबट, आणि हे आपलं इथलं, कोवळ्या ताडफळाच्या शेंड्याचं — ह्याच्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात. हॉटेलातलं नव्हे हं, घरचंच. घरी जे शिजतं ते इथे येतं, आणि इथे जे उरतं ते घरी जेवायला. — या मास्तरीणबाई, बसा — नाही, तुम्हाला बसायला वेळ कुठला. ताडाचंच ना? हो, गरम आहे. हो, मसाला हातानंच कुटलेला, तर काय! सासूबाई? आहेत, बऱ्या आहेत, तुम्ही विचारलंत असं सांगते हं त्यांना. — बघ प्रांग, पिशवी अशी धरायची, हवा आत कोंडायची, पीळ द्यायचा आणि रबर फिरवत फिरवत अडकवायचं. उलटी धरली तरी थेंब गळत नाही. एवढं एक अजून जमतं मला, मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही. — या हं, मास्तरीणबाई. — गेली. मसाला हातानं कुटलेला, असं म्हटलं ना मी? ऐकलंस तू. तुझ्या तोंडावर काही दिसत नाही, चांगलं आहे, धंद्यात पुढे जाशील. तर तो हातानं कुटलेला नाही. सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणापासून नाही. कुणाला बोललेली नाही मी हे. तुला का सांगतेय? तू मोजे विकतेस म्हणून. कालवणवाली असतीस तर जीभ चावून बसले असते.

हा उजवा हात बघ, इथवर जातो, त्याच्या वर नाही. केस बांधायचे तर मान खाली घालून हाताकडे न्यावी लागते. डॉक्टर म्हणाला, कुटणं बंद. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, कुटणं बंद म्हणजे चूल बंद. तर म्हणतो, तयार मसाला मिळतो की बाजारात! मिळतो, मला माहीत नाही होय? सकाळच्या बाजारात परातीत डोंगर करून ठेवलेला असतो, लाल, हिरवा, पिवळा, यंत्रावर वाटलेला, गंधासारखा मऊ. जन्मभर त्या परातींसमोरून नाक वर करून गेले मी. आणि सोंगक्रान झाल्यावर एका सकाळी टोपी डोळ्यांवर ओढून, चोरी करायला निघाल्यासारखी गेले आणि घेऊन आले. पातेल्यात टाकला. म्हटलं, आज लोक तोंड वाकडं करणार, आज कुणीतरी पिशवी आणून माझ्यापुढे आपटणार. — कळलं का कुणाला? नाही कळलं. एकालाही नाही. तेच घेतात, तेच खातात, मान डोलावतात, वा योंगमावशी, हाताची चव म्हणजे हाताची चव. त्याचंच जास्त वाईट वाटलं बघ मला. मग इतकी वर्षं हा खांदा मोडला तो कुणासाठी मोडला? हं?

आली का गाडी? नाही ना. बघत राहा.

गिऱ्हाइकांचं सोड, गिऱ्हाईक काय, भूक लागलेलं माणूस. पण घरी सासू आहे. डोळे साखरेच्या आजारानं नेले, पाय वयानं नेले, आता कान तेवढे उरलेत आणि ते सगळ्यांची कामं करतात. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तिची बाज आहे. मी जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे, पातेल्याचं झाकण कुठलं उघडलं, मांजर आत आलं की बाहेर गेलं — सगळं बसल्या जागी. आणि खलाचा आवाज तर... आता तुला हे कसं सांगू. तुम्ही पोरं फोनवर बघता एकमेकांना. आमच्या वेळी मुलगी बघायला नाही यायचे, ऐकायला यायचे. हसू नकोस, खरंच सांगते. बाई यायची नारळ विकत घ्यायच्या निमित्तानं, आणि खांबांवरच्या घराखाली, पाण्याच्या रांजणापाशी उभी राहायची. वर मुलगी मसाला कुटत असायची. आवाज एकसारखा, जोरकस आला तर मुलगी कामाची. अडखळत आला तर आळशी. मध्येच थांबला — तर हिचं लक्ष दुसरीकडे आहे, चला पुढच्या घरी! आमच्या सासूबाई रांजणापाशी इतका वेळ उभ्या होत्या की आईला वाटलं, बाईला भोवळ आली की काय. मग वर आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, आईला म्हणाल्या, सुक्या मिरच्या आधी मिठाबरोबर घेतल्या, मग गवती चहा, मग कांदा-लसूण, जवळ्याचा गोळा अगदी शेवटी, बरोबर ना? सगळं नुसतं ऐकून! कोरडं असतं तोवर खट् खट् वाजतं, ओलं झालं की थप् थप्, आणि मसाला झाला की आवाज असा खाली बसतो, दगड दगडाला लागतच नाही. आई तर घाबरलीच. मी दाराआडून बघत होते, माझ्या मनात आलं, हिच्या घरात गेले तर श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागेल. आणि गेले ना! बुनसोंगनं, म्हणजे नवऱ्यानं, मला त्यानंतर पाहिलं. पसंती आधीच झालेली होती.

नवरा? आहे की. राचबुरीला आहे, दुसऱ्या बाईकडे. तिचं जेवणाचं दुकान आहे, तिच्याकडे मसाला वाटायचं यंत्र आहे, यंत्राला खांदा नसतो. तो गेला त्या दिवशी मी पण माझं बोचकं बांधलं — नवराच नाही तर सासरी माझं काय काम? बांधून दाराशी आले तर म्हातारी उंबऱ्यात बसलेली, तेव्हा पाय होते तिचे, चांगली ऐसपैस बसलेली, पानाचा डबा मांडीवर. म्हणाली, कुठे निघालीस? मी म्हटलं, तुमचा मुलगा गेला, आता मी पण जाते. म्हणाली, त्याला मी नुसतं जन्माला घातलं, त्यात जे निघेल ते घ्यावं लागतं. तुला मी उभी राहून, ऐकून, निवडून आणली. तू कशी जातेस? आणि उठेचना. मी तरी किती वेळ उभी राहणार बोचकं घेऊन? भाताची वेळ झाली. भात टाकला. — तो टाकला तो टाकलाच, अजून टाकतेय.

लोकांना वाटतं, काय माया आहे दोघींची! माया कसली, दिवसभर भांडतो आम्ही. भात मऊ केला तर म्हणते, पेज केलीस काय? मोकळा केला तर म्हणते, दात कुठे आहेत मला? रात्री कूस बदलायला उठवते, आणि बदलली की म्हणते, आधीचीच बरी होती. मी म्हणते, मग मघाशी का उठवलंत? तर म्हणते, तू जागी आहेस का बघत होते. — असं! आणि मग मी जागी ती जागीच.

— हिरवं संपलं नाही ताई, आहे तळाशी, थांबा, ढवळून देते. वांगी जास्त घालू? बरं. — काय सांगत होते?

हां, खल. दुपारी खलाचा आवाज आला नाही तर तिला घास उतरत नाही. मघाशी म्हटलं ना, पहिल्यांदा तयार मसाला आणला, त्या दिवशी घरात आवाज नाही झाला. ताट पुढे ठेवलं तर तिनं बोटानं परत सरकवलं. भूक नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पण तसंच. साखरेचं माणूस, न जेवून कसं चालेल? मग काय करणार होते मी, तूच सांग. मसाला बाजारचा, आवाज घरचा! बत्ता डाव्या हातात घ्यायचा, खलात मूठभर मीठ टाकायचं आणि कुटत बसायचं. तुमच्या बान लामचंच जाडं मीठ, चांगलं वाजतं. तिकडे चुलीवर कालवण उकळून तयार झालंय आणि इकडे मी मीठ कुटतेय, येड्यासारखी, नुसत्या आवाजासाठी. डावा हात उजव्यासारखा चालत नाही, मध्ये मध्ये थांबायची, मग खोकायची, म्हणजे तिला वाटावं खोकल्यानं थांबले. — आणि ती जेवायला लागली. रोज. वर म्हणायची, आज जरा बरं जमलंय. एवढ्या वर्षांत कधी बरं जमलं नव्हतं बरं का माझं! मीठ कुटायला लागले आणि एकदम बरं जमायला लागलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दमलेल्या माणसाला काही कळत नाही, पोरी, त्याला फक्त वेळ निभावून न्यायची असते.

आता हा बुनसोंग. एवढ्या वर्षांनी याला आईची आठवण आली. आली म्हणजे लोकांनी आणून दिली — तिकडे विचारतात म्हणे, तुझी आई कुठे असते? सुनेकडे? आणि तू इथे? बोचायला लागलं आता. फोन केला, आईसाठी खोली केलीय, एसी लावलाय, शनिवारी गाडी घेऊन येतो. मी म्हटलं, तुझी आई आहे, तिला विचार, यायचं असेल तर ने. मी अडवणारी कोण? आणि खरं सांगू का, फोन ठेवला आणि मनात आलं, नेलं तर सुटले. एक रात्र सलग झोपेन. सकाळी उठून पहिल्यांदा चहा पिईन, आधी कुणाची पाठ पुसायची नाही, कुणाचं भांडं ओतायचं नाही. असं मनात आलं. येतंच ना? माणूस आहे.

आज शनिवार.

सकाळी तिची पिशवी मीच भरली. नेसायचं, पांघरायचं, गोळ्या, हुंगायच्या औषधाची बाटली. पान कुटायचा तिचा छोटा खलबत्ता असतो, दात नाहीत ना, तो भरायला घेतला आणि हात जरा थांबला. ती राचबुरीवाली कुटून देईल का हिला पान? तिचं यंत्र पान कुटतं का? मग भरला. मग दुपारी नेहमीसारखी खलापाशी बसले, मीठ टाकलं, शेवटचंच आहे तर नीट कुटावं म्हटलं. चार ठोके घातले असतील-नसतील, तर भिंतीपलीकडून म्हणते, योंग. मी म्हटलं, काय? म्हणते, ठेव तो बत्ता खाली. सोंगक्रानपासून या घरात कुणाला ठसका लागलेला नाही.

— कळलं का तुला? मिरची खलात पडली की घरभर ठसका, शेजारचं कुत्रंसुद्धा शिंकतं. मी आवाज सांभाळला, ठोका सांभाळला, आणि ठसका विसरले! कोरडं मीठ कुटत राहिले, ते थप् थप् कधी होणार? खट् खट्ने सुरू, खट् खट्ने बंद. जिनं मला कानांनी निवडून आणली तिच्या कानांना फसवायला निघाले मी. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून जेवत होती. मग ते ‘आज बरं जमलंय’ काय होतं? मला टोचत होती? की कीव करत होती? विचारणार, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. हा दारात हजर. ती म्हणाली, तू जा बाजारात, कालवण निवेल. माझं मी बघते. — माझं मी बघते म्हणे! दिसत तर काही नाही हिला.

मी आले. पातेली हातगाडीवर चढवली आणि आले, मागे वळून बघितलं नाही. थांबून काय करणार होते? जाऊ नका म्हणणार होते? कुठल्या तोंडानं? तिच्याच घरात तिला मीठ कुटून ऐकवणारी मी. राचबुरीला जायचं तर गाडी याच पुलावरून येते, म्हणून तुला म्हटलं, बघत राहा. आणि मघाशी म्हटलं ना, नेलं तर सुटले — ते खोटं. नाही, खोटं नाही, तेही खरं आहे, दमलेय गं मी, फार दमलेय. पण रात्री ही उरलेली पातेली घेऊन घरी जायचं, आणि पायरीवर पाय ठेवला तरी आतून कुणी म्हणणार नाही की आज उशीर केलास. भात मऊ करायचा की मोकळा? कुणासाठी? ते नाही मला — काय? कुठे? पुलावर?

हां. तीच. हळू चालवतोय. हळू का चालवतोय, कुणी आजारी माणूस बसवल्यासारखी — ऊठ, ऊठ, सहा वाजले, कर्ण्यावर लागलं बघ रोजचं राष्ट्रगीत. नीट उभी राहा, टोपी काढ. तोही थांबला. अगदी समोर थांबला. गप्प आता.

झालं. बस खाली. सगळं गाणं होईपर्यंत मी त्या काळ्या काचेकडे बघत होते, माझंच तोंड दिसत होतं तिच्यात, दुसरं काही नाही. आता उतरतोय. दार लावलं. पलीकडचं दार उघडत नाहीये. इकडेच येतोय, हातात पिशवी आहे — ती पिशवी मी भरलेली! तू इथेच बस, प्रांग, उठू नकोस.

काय रे? पिशवी इथे कशाला आणलीस? — बोल की मोठ्यानं, बाजार आहे, कुणी ऐकत नाही. ही? ही मोजेवाली आहे, तिला ऐकू दे. — नाही येत म्हणाली? एसी सांगितलास का? — मग? — काय म्हणाली? परत सांग. ‘निवडून आणलेलं सोडून पोटी आलेल्याकडे कशाला जाऊ?’ असं म्हणाली? तुझ्या तोंडावर? — कपडे तुला परत घडी करून ठेवायला लावले. बरं केलं, तेवढं तरी तुला येतं. मग पिशवीत काय आहे? एवढी जड — अरे देवा. बत्ता. खलाचा बत्ता काढून दिला तिनं तुला. काय म्हणून दिला? — ‘या घरातून काही न्यायचंच असेल तर हा ने.’

हं.

आणि मला? मला काय निरोप? — मसाला बाजारातल्या त्याच बाईकडून आणत जा म्हणाली. पण मिरची कमी घालते ती, वाढवायला सांग. — बरं. सांगेन. — नाही, मी नाही ठेवून घेणार, तुला दिलाय ना, ने राचबुरीला. दोन्ही हातांनी धर. जड आहे तो, तुला काय ठाऊक किती जड आहे. जा आता, गाडी काढ, मागे मोटारसायकली खोळंबल्यात. — थांब. जेवलास का? घे हे, ताडाचं आहे. घे म्हटलं ना. रबर घट्ट आहे, सांडणार नाही.

गेला. बघ कसा चालतोय, एका हातात बत्ता, एका हातात कालवण. — म्हणजे आता आज रात्री परत कूस बदलायची. म्हणजे उद्या परत भात मऊ की मोकळा. काय नशीब तरी, एक रात्रसुद्धा नाही मिळाली गं मला झोपायला. मिरची वाढवायला सांग म्हणे! ऐकलंस ना? सगळं कळत होतं तिला, मिरचीसुद्धा, आणि जेवत होती... मला? मला काही नाही झालं. ठसका लागला. तो पलीकडचा तव्यावर तुळस-मिरची परततोय ना, त्याचा. माझ्याकडे काय बघत बसलीस? गिऱ्हाईक उभं आहे तुझ्यापुढे, त्याला मोजे दाखव.